तिसरी नोंद

लालबाग,
९ जानेवारी २०२५

प्रिय मृणाल,

पोस्टाने आलेलं पत्र बघून दचकू नकोस. आमच्या घरातले सगळे फोन बंद आहेत. माझा नंबर कुणीतरी शोधून काढला आणि तीन आठवडे अनोळखी माणसं त्यावर शिव्या घालत होती. एकाने तर आईला सांगितलं, म्हातारे, तुझ्या मुलाचा अजून एक डोळा शिल्लक आहे. त्याच दिवशी मी सगळे फोन कपाटात टाकले. वकीलही म्हणाले, महत्त्वाचं काही फोनवर लिहू नका. म्हणून हे.

आनंदादादा तुला आठवतोच. दादरच्या टायपिंग क्लासखाली सायकल घेऊन उभा असायचा. आधी तुला गिरगावच्या बसमध्ये बसवायचा, मग मला डबलसीट घेऊन घरी. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यानेच घर ओढलं. गेली अठरा वर्षं शाळेची व्हॅन चालवतो. परळ-लालबागची किती पोरं त्याच्या गाडीतून शाळेत गेली त्याला हिशेब नाही.

१० डिसेंबरला दुपारी साडेबाराला पूर्वी नावाची पाच वर्षांची मुलगी त्याच्या गाडीतून उतरली. तिची पाण्याची बाटली हातातून सुटून रस्त्यात घरंगळली आणि ती बाटलीमागे धावली. समोरून टेम्पो येत होता. दादाने धावत जाऊन तिचा दंड धरला, ओढत आणली, गाडीत बसवली, परत धावू नये म्हणून दार सरकवलं. पोरगी बाटलीसाठी किंचाळत होती. तेवढ्यात तिची आजी रस्ता ओलांडून आली. दादाने पोर तिच्या ताब्यात दिली, बाटली आणून दिली. एवढंच झालं.

कुणीतरी वरच्या खिडकीतून हे मोबाईलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यातले फक्त एकोणीस सेकंद सगळीकडे फिरले. एक माणूस रडणारी मुलगी ओढतोय, पांढऱ्या गाडीत कोंबतोय, दार लावतोय. खाली लिहिलेलं, मुलं पळवणारी टोळी परळमध्ये.

त्याच संध्याकाळी दादा गाडी लावायला आला तेव्हा तीस-चाळीस जण थांबलेच होते. त्यांच्याकडे गाडीचा नंबर होता. दादा सांगत होता, अरे मी शाळेचा, मला ओळखा. ओळखणारेही होते त्यात, ते मागे सरकले. डावा डोळा गेला, मृणाल. दोन बरगड्या मोडल्या.

आणि केस त्याच्यावरच आहे. मारणाऱ्यांतल्याच एकाने तक्रार दिली की याने मुलगी पळवायचा प्रयत्न केला. कोर्टाने २० फेब्रुवारीपर्यंत अटक थांबवलीय. तोवर आम्ही काही दाखवलं नाही तर त्याला त्या डोळ्यासकट आत नेतील. पूर्वीच्या आईबापांनी घराला कुलूप लावलंय. ते शीव कोळीवाड्याला नातेवाइकांकडे आहेत म्हणतात. निरोप पाठवला तर उलट निरोप आला, आमचं नाव यात नको. आणि ज्यांनी ज्यांनी पोस्ट टाकल्या, त्या सगळ्यांनी पुसल्या. पोलीस म्हणतात, दाखवा पोस्ट. काय दाखवू?

तू कॉलेजात मुलांना हेच शिकवतेस ना, इंटरनेटवरच्या जुन्या गोष्टी शोधायला? मला दुसरं कुणी माहीत नाही.

तुझी
सीमा


ठाकूरद्वार,
१४ जानेवारी २०२५

प्रिय सीमा,

तुझं पत्र काल मिळालं. कालपासून ते माझ्या पर्समध्येच आहे. रात्री मनवा झोपल्यावर चिंतामणीला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबले. आनंदादादांच्या बाबतीत असं व्हावं, काय लिहू तुला?

तुला हवं ते बहुधा करता येईल. आमच्या विभागात आम्ही एक ऑनलाइन साधन वापरतो. त्यात काही शब्द घालून ठेवायचे. ते शब्द असलेली कुठलीही जाहीर पोस्ट आली की ते तिची प्रत काढून ठेवतं, तारीख आणि वेळ यांच्यासकट. पुढे मूळ पोस्ट पुसली तरी आपली प्रत राहते. शिवाय कुणाची पोस्ट कुणी उचलली, कुठून किती लोकांपर्यंत गेली, याचा नकाशा काढून देतं. गेल्या जुलैपासून माझे विद्यार्थी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांचा अभ्यास करताहेत. त्यासाठी परळ, लालबाग, व्हॅन, असे शब्द त्यात आधीपासून घातलेले आहेत. म्हणजे ११ डिसेंबरचं पुष्कळसं त्यात अडकलेलं असणार.

पण फार आशा धरू नकोस. सगळंच सापडतं असं नाही. थोडा वेळ दे.

एक विचारायचं होतं. जमावाकडे गाडीचा नंबर कसा आला, याबद्दल पोलीस काही म्हणाले का? क्लिपमध्ये तो इतका अस्पष्ट असताना? ते कुणाकुणाला ठाऊक आहे?

तुमच्याकडे यावं असं फार वाटतं. पण परीक्षांचे दिवस आहेत, निघणं होत नाही. आईंना नमस्कार सांग. संक्रांतीचा तिळगूळ या वेळी पत्रातूनच.

तुझी
मृणालिनी


लालबाग,
२० जानेवारी २०२५

प्रिय मृणाल,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, चला, एक तरी शिकलेलं माणूस आपल्या बाजूला आहे. महिनाभरात ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

दादा बोलत नाही फारसा. दाराकडे पाठ करून बसत नाही. खाली पोरं क्रिकेट खेळताना ओरडली की उठून कडी लावतो. परवा डोळ्याच्या पट्टीसाठी हॉस्पिटलात नेला. लिफ्टमध्ये चार पुरुष होते, तर हा आत जाईना. चार मजले जिन्याने नेला. डावीकडचं दिसत नाही, त्यामुळे पायरीचा अंदाज चुकतो. एकदा तोल जाऊन माझ्यावरच आला. वर पोचल्यावर मला म्हणतो, सीमा, त्यांच्यातल्या एकाच्या पोराला मी तीन वर्षं शाळेत नेलाय. तोच पहिला मारायला पुढे आला.

तू नंबरचं विचारलंस. मलाही तोच प्रश्न खातोय. क्लिप मी पाहिलीय, तीत नंबर वाचताच येत नाही. पण जमावातला एक पोरगा पोलीस स्टेशनात रडत होता. तो म्हणाला, आम्ही कशाला शोधत बसलो असतो, एका बाईने नंबर नीट लिहून टाकला होता. शिकलेली बाई आहे, म्हणून आम्हाला वाटलं खरंच असणार. नाव त्याला आठवत नाही. पोस्ट गेली.

मला क्लिप कापणाऱ्याचा राग आहेच. पण तो हलकट म्हणून हलकट. या बाईचं मला कळत नाही. जी बाई एवढं बारकाईने बघून पुसट नंबर वाचते, तिला त्याच गाडीच्या दारावर शाळेचं नाव दिसलं नाही? मी सारखा तिचा विचार करते. भाजी निवडताना, दवाखान्यात कामावर केसपेपर भरताना. तिला मुलं असतील. ती रोज जेवत असेल.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तिका म्हणाव, नंबर लिवलंस तसा तुझा नावय लिव."

ती बाई शोधून दे मला. बाकीचं वकील बघतील.

तुझी
सीमा


ठाकूरद्वार,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सीमा,

उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. काम वाटलं त्याहून मोठं निघालं.

आधी चांगली बातमी. १० ते १३ डिसेंबर या चार दिवसांतल्या एकूण ६११ पोस्ट सापडल्या आहेत. त्यातल्या साडेपाचशेच्या वर आता पुसलेल्या आहेत, पण आपल्याकडे प्रती आहेत. क्लिप पहिल्यांदा टाकली ती 'परळ जागते रहो' नावाच्या एका पानाने, ११ तारखेला सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी. ते पान कोण चालवतं हे पोलिसांना शोधता येईल.

आणि दुसरी गोष्ट. पूर्ण व्हिडिओ सापडला. एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांचा. ज्याने तो खिडकीतून घेतला, त्याने १० तारखेलाच दुपारी स्वतःच्या खात्यावर टाकला होता, वर लिहिलं होतं, 'व्हॅनवाल्या काकांमुळे पोरगी वाचली'. त्याला अवघे सात जण भेटले बघायला. गोंधळ झाल्यावर त्या माणसानेही घाबरून तो काढून टाकला असणार. त्यात बाटली आहे, टेम्पो आहे, आजी आहे. आजी दादांना हात जोडते ते अगदी स्पष्ट दिसतं. मी तो कितीदा पाहिला, सांगता येणार नाही.

व्हिडिओची प्रत या पत्रासोबत पेन ड्राइव्हवर पाठवते आहे. 'परळ जागते रहो'च्या पोस्टची छापील प्रतही आहे. एवढ्यावर वकिलांचं काम व्हायला हरकत नाही. सगळी फाईल अजून अपुरी आहे, तिची घाई नको.

नंबरचं म्हणशील तर ते नक्की करता आलं नाही. बहुधा कुणाच्या तरी प्रतिक्रियेत तो पहिल्यांदा आला असावा. इतक्या गर्दीत ते शोधणं अवघड आहे. त्यात मन अडकवू नकोस.

दादांची काळजी घे.

मृणालिनी


लालबाग,
७ फेब्रुवारी २०२५

प्रिय मृणाल,

व्हिडिओ पाहिला. वकिलांच्या ऑफिसात, त्यांच्या कम्प्युटरवर. दादाही होता. आजीने हात जोडले तिथे तो उठून बाहेर गेला. मी तुझे उपकार कसे फेडू असं लिहायला बसले होते. पण आधी दुसरं लिहावं लागतंय.

आमचे जगदीश वकील म्हणाले, नुसता व्हिडिओ देऊन भागणार नाही. समोरचा म्हणेल हा नंतर बनवला. त्यांना सगळी फाईल हवी, ६११च्या ६११. त्या साधनातून जशी निघाली तशीच, बंद शिक्क्याची. सोबत जिने काढली तिचं प्रमाणपत्र, की फाईल पूर्ण आहे आणि मी त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही. त्याखाली तुझी सही. त्यांनी स्वतः विचारून घेतलंय, म्हणे ते साधन प्रत्येक फाईलला लांबलचक क्रमांक देतं आणि आतलं एक अक्षर हललं तरी तो जुळत नाही. एक ओळ वगळलेली सापडली तर सगळं उडेल, व्हिडिओसकट.

मग मी त्यांना तुझं पत्र दाखवलं. ते म्हणाले, यात अपुरं काय आहे? आकडा तर पूर्ण सांगितलाय. आणि ज्या साधनात प्रत्येक पोस्टची वेळ आहे, त्यात पहिला नंबर कुणी लिहिला हे सापडायला दोन मिनिटं पुरतात.

मी म्हटलं, माझी मैत्रीण आहे, तिला कळत नसेल. ते हसले नाहीत.

तुझं उत्तर येईना म्हणून मंगळवारी मी दवाखान्यातून हाफ डे घेऊन दादरला तुझ्या कॉलेजात आले होते. शिपाई म्हणाला, मॅडम आठवडाभर रजेवर आहेत. परीक्षा कधीच्या, विचारलं, तर म्हणाला, मार्चमध्ये.

मृणाल, तू कुणाला तरी वाचवते आहेस. तुझ्या ओळखीची कुणीतरी आहे ती. विद्यार्थिनी असेल, नाहीतर तुझी मनवा. मनवा असेल तरी सांग. मी आई नाही झाले, पण एवढं मला कळतं. तिचं वय काय, वीस? मी वकिलांना विनवीन, नाव सांभाळून घ्या म्हणून. पण फाईल दे. तेरा दिवस राहिलेत.

सीमा


ठाकूरद्वार,
१० फेब्रुवारी २०२५

सीमा,

मनवा नाही. मी आहे.

फाईलमधली तिसरी नोंद. ११ डिसेंबर, दुपारी एक वाजून बावन्न मिनिटं. ती तू वकिलांकडे वाचशीलच, त्याआधी माझ्याकडून वाच. मी लिहिलं होतं, 'व्हिडिओ थांबवून, मोठा करून पाहिला. गाडीचा नंबर असा आहे. परळ-लालबागमध्ये कुणी ओळखत असेल तर ताबडतोब पुढे या. पोलिसांची वाट बघत बसू नका.' आणि खाली पूर्ण नंबर.

मी कॉलेजात जेवायच्या सुट्टीत होते. माझ्या भाचीची मुलगी तशाच पांढऱ्या व्हॅनने शाळेत जाते. क्लिप पाहिली आणि अंगावर काटा आला. पण भीती तेवढीच असती तर मी भाचीला फोन केला असता. मी तसं केलं नाही. मी क्लिप थांबवली, उजेड वाढवला, एकेक आकडा जुळवला. ते मला येतं. दारावर काहीतरी लिहिलेलं दिसत होतं, ते वाचायचा प्रयत्न मी केला नाही, कारण नंबर मिळाला होता. जुलैपासून मी वर्गात सांगते आहे, मूळ व्हिडिओ शोधल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. शोधायचं साधन माझ्या टेबलावर उघडं होतं. त्या दुपारी पूर्ण व्हिडिओ मला दहा मिनिटांत सापडला असता, जसा तो जानेवारीत सापडला.

तासाभरात दोनशे लोकांनी ते उचललं. 'मॅडम, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून.' असं लोक लिहीत होते. मी प्रत्येकाचं वाचलं. नकाशात इतर सगळ्यांच्या रेषा बारीक आहेत, माझ्यापासून निघालेली जाड आहे. ६११पैकी ३४८ माझ्या पोस्टवरून गेल्या.

रात्री कळलं की लालबागला त्या माणसाला धरून मारलं. हे कुठल्या फाईलमध्ये नाही, म्हणून लिहिते. मला बरं वाटलं. मी जेवले, झोपले. दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या, की तो शाळेचा ड्रायव्हर होता आणि मुलगी पळवलेली नव्हती. मी पोस्ट पुसली. कुणालाही सांगितलं नाही. नाव पेपरात नव्हतं. तुझ्या पत्रात नाव वाचलं.

तेव्हाच लिहायला हवं होतं. मी तुला उलट विचारलं, कुणाकुणाला ठाऊक आहे. स्वतःची खात्री करून घेत होते. मग ठरवलं, पूर्ण व्हिडिओ शोधून देईन, दादा सुटतील आणि हे कधी कळायची गरज राहणार नाही. २९ जानेवारीला मी ती एक ओळ काढून पाहिली. ६१० झाल्या. क्रमांक बदलला. परत घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. मग रजा टाकली आणि घरात बसून राहिले. खोटं पत्र मी त्या रजेतच लिहिलं.

तू मनवासाठी वकिलांना विनवायला निघाली होतीस. ते वाचल्यावर मला पुढे काही करता आलं नाही.

सोबत पूर्ण फाईल आहे, ६११ नोंदींची. प्रमाणपत्रावर सही केली आहे. खाली वकिलांसाठी एक ओळ जास्तीची लिहिली आहे, की यातली तिसरी नोंद माझी स्वतःची आहे. हे पाकीट मी पोस्टात टाकत नाही. चिंतामणी स्वतः जगदीश वकिलांच्या ऑफिसात नेऊन देईल. त्याला आज सकाळी सांगितलं. तो अजून माझ्याशी बोललेला नाही.

क्षमा मागत नाही. तेवढं तोंड नाही मला.

मृणालिनी


लालबाग,
१३ फेब्रुवारी २०२५

फाईल मिळाली. वकिलांनी क्रमांक तपासला, जुळला.

तुझं पत्र मी एकटीने वाचलं. आईला सांगितलेलं नाही. ती रोज देवापुढे तुझं नाव घेते, माझ्या मृणालचं भलं कर म्हणून. मी शेजारी उभी राहून ऐकते.

यापुढे लिहू नकोस.

सीमा


ठाकूरद्वार,
१ मार्च २०२५

सीमा,

लिहू नकोस म्हणालीस, तरी एवढं कळवणं भाग आहे. उत्तराची अपेक्षा नाही.

१७ तारखेला मी पोलिसांकडे जाऊन जबाब दिला. नंबर मी लिहिला, कधी, कुठून, सगळं. अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलंय का. ते म्हणाले, जमावाला चिथावणी दिल्याबद्दल तुमचंही नाव घ्यावं लागेल. मी म्हटलं, घ्या.

कॉलेजात सांगितलं. चौकशी होईपर्यंत वर्ग काढून घेतले आहेत. शेवटच्या तासाला मुलांना मी तोच नकाशा दाखवला, नाव न झाकता. एका मुलीने विचारलं, मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवलं ते तुम्हाला त्या वेळी आठवलं नाही? मी म्हटलं, आठवलं होतं. वाटलं, हे आपल्यासाठी नाही.

क्लिप अजून अडतीस ठिकाणी जिवंत आहे. मी प्रत्येकाला स्वतःच्या नावाने लिहिते आहे आणि सोबत पूर्ण व्हिडिओ पाठवते आहे. एकवीस जणांनी काढली. बाकीचे शिव्या देतात. तुमच्या घरी कसले फोन येत असतील ते आता थोडं कळतं.

२० तारखेला कोर्टात काय झालं, मला ठाऊक नाही. वकिलांना विचारायचा धीर झाला नाही.

मृणालिनी


लालबाग,
३ एप्रिल २०२५

मृणाल,

अटकपूर्व जामीन झाला. पुढे पोलिसांनी फाईल नीट बघितली, व्हिडिओतल्या आजीला कोळीवाड्यातून बोलावून घेतलं. ती येताना पूर्वीला घेऊन आली. पूर्वीचा बाप दारात उभा राहून आईला गप्प राहा म्हणत होता. म्हातारीने साहेबासमोर त्याला सांगितलं, "तुझी पोर आज आहे ती याच्यामुळे. आता तू गप." दादावरची तक्रार खोटी ठरली, तसा अहवाल कोर्टात गेला. 'परळ जागते रहो' चालवणारा सापडला, करी रोडचाच निघाला. मारणाऱ्यांतले अकरा जण धरले.

शाळा म्हणते दादाला परत या. पण एका डोळ्याने शाळेची गाडी चालवायचं लायसन्स मिळत नाही. आता ते त्याला गेटवर बसवायचं म्हणताहेत, मुलं मोजून गाडीत चढवायला. त्याने अजून हो म्हटलेलं नाही.

साहेबांनी मला बोलावून विचारलं होतं, या प्राध्यापक बाईंनी स्वतः येऊन कबूल केलंय, पुरावाही त्यांनीच दिलाय, तुमची ओळख आहे, नाव राहू द्यायचं की कसं? मी दोन दिवस मागून घेतले. मग गेले आणि म्हटलं, राहू द्या. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी लिहिते आहे.

पाडव्याला आईला सांगितलं. ती गुढीची साखरेची माळ ओवत होती. माळ पुरी केली, दोरा तोडला आणि आत जाऊन पडली. संध्याकाळी उठून विचारलं, "तिना सोता नाव सांगल्यान? कोणी पकडूच्या आधी?" मी म्हटलं, हो, पण मला दोन खोटी पत्रं लिहिल्यावर. ती म्हणाली, "पण सांगल्यान." देवापुढे आता ती तुझं नाव घेत नाही. पण शिव्याही देत नाही.

दादाला तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली, एकही वाक्य गाळलं नाही. 'मला बरं वाटलं' तिथे मी थांबले होते. तो म्हणाला, वाच पुढे. सगळं झाल्यावर म्हणाला, "तिने मला एकोणीस सेकंद बघितलाय. तिला म्हणावं, समोर येऊन बघ."

मी म्हटलं, दादा, ती येणार नाही. तर म्हणाला, बोलाव तर.

१७ एप्रिलला मारणाऱ्यांवरच्या केसमध्ये त्याचा जबाब आहे कोर्टात. तो सगळं सांगणार, तुझंही. मीही सांगणार. मी तुला माफ केलेलं नाही आणि करीन की नाही ते मला माहीत नाही. वकील म्हणाले, त्या दिवशी तुम्ही एकत्र दिसू नका, ते बरं नाही. तरी लिहिते आहे.

कोर्ट तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये तो अजूनही पाय ठेवत नाही. आईचे गुडघे चालत नाहीत आणि मला एकटीला तो आवरत नाही. सव्वादहाला जिन्यापाशी ये. मी उजवीकडे असेन. तू त्याच्या डाव्या बाजूला राहा, तिकडचं त्याला दिसत नाही. प्रत्येक पायरी आली की सांगायची.

सीमा